हौसेचे ओझे उतरवणारा कारकून

अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या उत्तरेला, ह्युरॉन सरोवरात मॅकिनॅक नावाचे एक छोटे बेट आहे. तेथे खडकाची एक नैसर्गिक कमान असून ती पाहायला एकोणिसाव्या शतकातही पर्यटकांची रीघ लागत असे. १८७० च्या दशकाच्या अखेरीस एका कडक उन्हाच्या दिवशी एक सडपातळ तरुण या कमानीसमोर आपला अवजड कॅमेरा मांडून उभा राहिला. कॅमेरा दिसताच आसपासची काही मंडळी कमानीवर आणि कमानीखाली ऐटीत उभी राहिली. तरुणाने एक फोटो घेतला आणि तो शेजारच्या काळ्या तंबूत शिरला. थोड्या वेळाने बाहेर आला, दुसरा घेतला, पुन्हा तंबूत गेला. अर्धा तास हा खेळ चालला होता आणि मंडळी उन्हात तिष्ठत होती. अखेर त्यांच्यातील एका गृहस्थाने पुढे येऊन फोटोची किंमत विचारली. आपण धंदेवाईक छायाचित्रकार नाही, निव्वळ हौसेखातर फोटो काढतो, असे तरुणाने सांगताच तो गृहस्थ भडकला. हौशी आहात तर तशी पाटी लावून हिंडावे, लोकांना उगाच ताटकळत का ठेवता, असे त्याने सुनावले.

हा हौशी तरुण म्हणजे रॉचेस्टर शहरातील एका बचत बँकेचा कारकून जॉर्ज ईस्टमन. पुढे ज्याच्या कोडॅक कंपनीने छायाचित्रण घराघरांत नेले, तो हाच. त्या दिवशी त्याच्या पदरी पडलेला राग आणि तंबूतील ती घामाघूम धावपळ, दोन्ही त्याच्या हौसेचाच भाग होते. हौस मोठी, पण तिचे ओझे त्याहून मोठे.

ते ओझे किती होते, याची कल्पना आज करणे अवघड आहे. त्या काळी ओल्या प्लेटची पद्धत रूढ होती. काचेवर कलोडियन या चिकट द्रावाचा थर द्यायचा, ती काच अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि थर वाळण्याआधी तिथल्या तिथे धुऊन काढायची. हे सगळे काही मिनिटांत उरकले नाही तर प्लेट वाया. म्हणजे फोटो काढायला निघालेल्या माणसाला कॅमेरा आणि भक्कम तिवई यांच्या जोडीला तंबू, काचा, रसायनांच्या बाटल्या, तसराळी आणि पाण्याचे भांडे असा अख्खा संसार बरोबर न्यावा लागे. सिल्व्हर नायट्रेटने बोटे काळी पडत ती निराळीच. ईस्टमनने एका प्रवासात हे द्रावण काचेच्या भांड्यात भरून आपल्या अंतर्वस्त्रांत गुंडाळून ट्रंकेत ठेवले. भांडे गळले आणि सगळ्या कपड्यांवर डाग पडले. हे द्रव्य धुऊन जात नाही.

ईस्टमनचा जन्म १२ जुलै १८५४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील वॉटरव्हिल या गावी झाला. योगायोग असा की त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या हिंदी सभासदांपैकी होते. फोटोची हौस तेव्हा अशाच लोकांची होती. डॉक्टर, लष्करी अधिकारी, संस्थानिक; ज्यांच्यापाशी पैसा, सवड आणि रसायनशास्त्राची थोडी जाण, असे लोक.

ईस्टमनपाशी यांपैकी काहीही नव्हते. वडील रॉचेस्टरमध्ये हिशेबनीसांचे शिक्षण देणारी एक शाळा चालवत. ते १८६२ मध्ये वारले तेव्हा जॉर्ज आठ वर्षांचाही नव्हता. आई मारिया हिने घरात पैसे देऊन राहणारे बिऱ्हाडकरू ठेवले आणि तीन मुलांचा गाडा ओढला. दोन थोरल्या बहिणींपैकी एकीला पोलिओ झालेला. ती १८७० मध्ये गेली. जॉर्जने चौदाव्या वर्षाच्या सुमारास शाळा सोडली आणि विम्याच्या एका कचेरीत आठवड्याला ३ डॉलरवर निरोप्याची नोकरी धरली. रात्री घरी हिशेबाचा अभ्यास केला. १८७४ मध्ये तो बँकेत कनिष्ठ कारकून झाला, पगार आठवड्याला १५ डॉलर. आईचे कष्ट आपण थांबवायचे, हा एकच ध्यास या मुलाच्या बालपणात दिसतो. खेळ, खोड्या, मित्र यांचा मागमूस फारसा सापडत नाही. पुढे हा माणूस शिकार, प्रवास, संगीत यांत रमला ते बहुधा बालपणाची थकबाकी वसूल करण्यासाठीच.

फोटोची हौस त्याला लागली ती एका न झालेल्या प्रवासापायी. कॅरिबियन बेटांतील सांतो दोमिंगोला जाण्याचा त्याचा बेत होता. बँकेतील एका सहकाऱ्याने सुचवले की, प्रवासाची आठवण म्हणून फोटो काढून आण. ईस्टमनने १८७७ मध्ये सगळा सरंजाम विकत घेतला, ५ डॉलर मोजून एका व्यावसायिक छायाचित्रकाराकडे धडे घेतले आणि सांतो दोमिंगोचा बेत मात्र मागे पडला. हौशी माणसांच्या बाबतीत हे नेहमीच घडते. साधन ज्यासाठी आणले ते काम बाजूला राहते आणि माणूस साधनाच्याच नादी लागतो.

ईस्टमनला मात्र साधनाचा नाद लागला त्याहून अधिक त्याचा राग आला. फोटो काढण्यासाठी माणसाने हमालासारखे लादून का घ्यावे, हा प्रश्न त्याच्या मनातून जाईना. त्याच सुमारास इंग्लंडमधील छायाचित्रणविषयक नियतकालिकांतून कोरड्या प्लेटचे प्रयोग प्रसिद्ध होऊ लागले होते. जिलेटिनमध्ये सिल्व्हर ब्रोमाइड मिसळून त्याचा थर काचेवर दिला तर तो वाळल्यावरही काम देतो. प्लेट आज तयार करावी, महिन्याने वापरावी आणि घरी येऊन सावकाश धुवावी. तंबूची गरजच उरत नाही. ईस्टमनने हा धागा पकडला. दिवसभर बँकेत आकडेमोड आणि रात्री आईच्या स्वयंपाकघरात जिलेटिन शिजवणे, असा क्रम सुरू झाला. किटलीतून काचेवर मिश्रण ओतायचे आणि काचेच्या कांडीने ते पसरायचे. कित्येकदा तो कपडेही न बदलता चुलीशेजारी जमिनीवरच पांघरूण घेऊन झोपून जाई.

त्याला यश आले, पण हाताने दिलेला थर कुठे जाड, कुठे पातळ होतो ही त्याची तक्रार होती. म्हणून त्याने प्लेटवर थर देणारे यंत्रच तयार केले, १८७९ मध्ये लंडनला जाऊन त्याचे पेटंट मिळवले आणि पुढच्या वर्षी अमेरिकेतही. हौशी आणि उद्योजक यांच्यातील सीमारेषा इथे आहे. हौशी माणूस एक चांगली प्लेट तयार झाली की खूश होतो. ईस्टमनला हजारावी प्लेट पहिलीसारखीच हवी होती. १८८० मध्ये त्याने रॉचेस्टरच्या स्टेट स्ट्रीटवर एका इमारतीचा तिसरा मजला भाड्याने घेतला. भांडवल दिले ते हेन्री स्ट्राँग या घोडागाडीचे चाबूक बनवणाऱ्या कारखानदाराने. हा स्ट्राँग एकेकाळी मारियाबाईंच्या घरचा बिऱ्हाडकरू होता. १ जानेवारी १८८१ रोजी दोघांची कंपनी सुरू झाली. बँकेतील बढतीची जागा डावलून दुसऱ्याला दिली गेली, तेव्हा त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ईस्टमनने राजीनामा दिला. स्ट्राँग १९१९ मध्ये मरण पावेपर्यंत कंपनीचा अध्यक्ष होता आणि सर्व कारभार चालवणारा ईस्टमन कागदोपत्री खजिनदार.

पहिला मोठा फटका १८८२ मध्ये बसला. दुकानांतून विकलेल्या प्लेटा आंधळ्या निघू लागल्या. ग्राहक फोटो घ्यायचे आणि काचेवर काही उमटायचेच नाही. ईस्टमनने सगळा माल परत घेतला, बदलून दिला आणि कंपनीची गंगाजळी त्यात संपली. कारखाना बंद ठेवून त्याने शेकडो प्रयोग केले, तरी दोष सापडेना. शेवटी तो इंग्लंडला गेला आणि तिथल्या एका नामांकित कारखान्याकडून सूत्र व पद्धत विकत घेऊन आला. दोष जिलेटिनमध्ये होता. त्यानंतर कच्चा माल तपासल्याशिवाय वापरायचा नाही, हा त्याच्या कारखान्याचा नियम झाला.

प्लेट कोरडी झाली तरी काच ती काचच. जड आणि फुटणारी. विल्यम वॉकर या कॅमेरे बनवणाऱ्या सहकाऱ्याबरोबर ईस्टमनने कागदाची गुंडाळी कॅमेऱ्यात बसवण्याची युक्ती काढली. पण कागदाचे तंतू छापील फोटोत उमटत. मग कागदावरून थर सोलून घेण्याची पद्धत आली. ती इतकी नाजूक होती की सामान्य ग्राहकाच्या हातून होणे कठीण. खरे तर इथे ईस्टमनची योजना फसायला हवी होती. व्यावसायिक छायाचित्रकारांना काच सोडायची नव्हती आणि हौशी लोकांना हे सोलणे जमण्यासारखे नव्हते. ईस्टमनने तेव्हा प्रश्नच उलटा केला. ग्राहकाला हे जमत नसेल तर ग्राहकाने ते करूच नये. त्याने फक्त फोटो घ्यावा. बाकीचे कारखान्यात होईल.

या एका विचारातून १८८८ चा कोडॅक कॅमेरा जन्माला आला. चामड्याने मढवलेली एक लाकडी पेटी, किंमत २५ डॉलर, म्हणजे बँकेतील कारकून ईस्टमनचा पावणेदोन आठवड्यांचा पगार. आत १०० फोटोंची गुंडाळी कारखान्यातूनच भरलेली. दोरी ओढून झडप सज्ज करायची, कळ दाबायची, किल्ली फिरवून गुंडाळी पुढे सरकवायची, झाले. दृश्य पाहायला भिंगसुद्धा नव्हते. पेटीच्या माथ्यावर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराच्या रेघा असत, त्यांच्या रोखाने अंदाजे नेम धरायचा. शंभर फोटो संपले की अख्खा कॅमेराच रॉचेस्टरला पाठवायचा. १० डॉलर घेऊन कारखाना फोटो धुऊन, छापून, कॅमेऱ्यात नवी गुंडाळी भरून परत करी. फोटो अडीच इंच व्यासाचे, गोल असत. कोडॅक या शब्दाला कोणत्याही भाषेत अर्थ नाही. ईस्टमनला के हे अक्षर आवडे, आईच्या माहेरच्या किलबर्न या आडनावाचेही ते पहिले अक्षर. छोटा, उच्चाराला सोपा आणि कुणाला बिघडवता येणार नाही असा शब्द त्याने अक्षरे जुळवून तयार केला.

मराठी घरांतही वर्षानुवर्षे ३६ चा रोल पुरवून पुरवून वापरला जाई आणि नंतर तो धुवायला टाकला जाई. लग्नाचा, मुंजीचा, माथेरानच्या सहलीचा. फोटो कसे आले ते पाहायला चार दिवस थांबावे लागे. काढणे आपले आणि धुणे दुसऱ्याचे, ही जी वाटणी तेव्हा अगदी स्वाभाविक वाटे, ती या १८८८ च्या पेटीने घालून दिलेली.

या वाटणीत एक गोष्ट हरवली, ती मात्र दुर्लक्षण्यासारखी नाही. अंधारखोलीच्या लाल उजेडात तसराळ्यातील कागदावर हळूहळू चित्र उमटताना पाहणे, हा हौशी माणसाचा सर्वांत मोठा आनंद. ईस्टमनने ओझ्याबरोबर तोही उतरवून ठेवला. कसलेल्या हौशींनी नाके मुरडली ती काही केवळ अहंकाराने नव्हे. कळ दाबणाऱ्यांच्या या नव्या जमातीला प्रकाश, रसायन, कागद यांतले काही कळत नाही, हा त्यांचा आक्षेप खराच होता. पण न्यूयॉर्कचे विख्यात छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांनीसुद्धा १८९३ च्या हिमवादळात फिफ्थ अॅव्हेन्यूचे आपले गाजलेले छायाचित्र घेतले ते हातात धरायच्या कॅमेऱ्यानेच. तिवईवर तो क्षण सापडला नसता.

दुसरी तक्रार अधिक गंभीर होती. कुणीही, कुठेही, न विचारता फोटो काढू लागला. समुद्रकिनाऱ्यावर, बागेत, रस्त्यात बेसावध माणसांचे फोटो टिपणाऱ्यांना अमेरिकेतील वर्तमानपत्रे झपाटलेले म्हणू लागली. बोस्टनचे दोन वकील, सॅम्युअल वॉरेन आणि लुई ब्रँडाइस, यांनी १८९० मध्ये हार्वर्डच्या विधी नियतकालिकात खासगीपणाच्या हक्कावर एक लेख लिहिला. झटपट छायाचित्रण आणि वृत्तपत्रांचा आगाऊपणा यांनी माणसाचे खासगी जीवन उघड्यावर आणले आहे, ही त्यामागची चिंता होती. खिशातल्या मोबाइलमुळे आज जो वाद रोज होतो, त्याची कायदेशीर मांडणी कोडॅक बाजारात आल्यानंतर दोनच वर्षांत झाली होती.

दरम्यान कागदाची जागा सेल्युलॉइडच्या पारदर्शक पट्टीने घेतली. हेन्री रायखेनबाख या ईस्टमनच्या तरुण रसायनतज्ज्ञाने ती तयार केली आणि १८८९ मध्ये ती विक्रीला आली. थॉमस एडिसनच्या प्रयोगशाळेत हलत्या चित्रांचे प्रयोग चालू होते. त्यांना हवी होती ती नेमकी हीच लवचीक, लांब पट्टी. सिनेमाचा धंदा उभा राहिला तो या फिल्मवर.

ईस्टमनच्या कीर्तीला लागलेला डागही याच फिल्मचा. न्यू जर्सीतील नूअर्क गावच्या हॅनिबल गुडविन नावाच्या पाद्र्याने १८८७ च्या मे महिन्यातच अशा फिल्मच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. मुलांना दाखवायच्या धार्मिक चित्रांसाठी त्याला न फुटणारी प्लेट हवी होती. त्याचा अर्ज अकरा वर्षे रखडला आणि रायखेनबाखचा मात्र वर्षभरात मंजूर झाला. गुडविनला पेटंट मिळाले ते १८९८ मध्ये. १९०० च्या शेवटच्या दिवशी तो मरण पावला, कारखाना उभारण्याचे त्याचे स्वप्न अर्धवट राहिले. त्याचे हक्क विकत घेणाऱ्या कंपनीने कोडॅकवर दावा लावला आणि १९१४ मध्ये ईस्टमनला ५० लाख डॉलर मोजावे लागले. गंमत अशी की दावा लावणाऱ्या कंपनीच्या पूर्वजांनीच एकेकाळी ईस्टमनच्या पहिल्या कोरड्या प्लेटा न्यूयॉर्कमध्ये विकल्या होत्या.

धंद्यातला ईस्टमन मृदू नव्हताच. प्रतिस्पर्ध्यांची पेटंटे विकत घे, नाही जमले तर कंपनीच विकत घे, दुकानदारांना आपलाच माल ठेवायला भाग पाड, असा त्याचा खाक्या होता. रायखेनबाखनेही दोघा सहकाऱ्यांसह वेगळी कंपनी काढण्याचा घाट घातला आहे हे कळताच १८९२ मध्ये त्याने त्यांना तडकाफडकी काढून टाकले. १९१५ मध्ये न्यायालयाने कोडॅकला मक्तेदार ठरवले. पुढे १९२१ मध्ये कंपनीला काही विभाग विकून हा तंटा मिटवावा लागला.

या कारखानदाराच्या हातून फेब्रुवारी १९०० मध्ये जी वस्तू बाहेर पडली तिने मात्र अनेक पापे धुऊन निघावीत. ब्राउनी हा पुठ्ठ्याचा साधा कॅमेरा, किंमत १ डॉलर, सहा फोटोंची फिल्म १५ सेंटला. तो मुलांसाठी म्हणून काढला होता. पहिल्याच वर्षी दीड लाखाहून अधिक ब्राउनी खपले. गरिबाच्या घरातही आजीचा, शेळीचा, नव्या सायकलचा फोटो आला. तोवर सामान्य माणसाचा फोटो निघे तो आयुष्यात एकदा, स्टुडिओत, श्वास रोखून. हसणारे, डोळे मिटलेले, अर्धे डोके कापले गेलेले फोटो ही ब्राउनीची देणगी. जगातील कोट्यवधी सामान्य माणसे कशी दिसत होती हे आज कळते, ते या पुठ्ठ्याच्या डब्यामुळे.

ईस्टमनच्या फिल्मचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. १९१२ मध्ये दादासाहेब फाळके लंडनला गेले, तिथे त्यांनी विल्यमसन कॅमेरा घेतला आणि कोडॅकच्या कच्च्या फिल्मची मागणी नोंदवली. फाळके यांचाही प्रवास हौशी छायाचित्रकारापासूनच सुरू झालेला. परत आल्यावर त्यांनी आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून एक छोटी फिल्म केली. फिल्मला भोके पाडणे, रसायने कालवणे, ती धुणे ही कामे दादरच्या राहत्या घरी होत आणि ती करीत सरस्वतीबाई फाळके. रॉचेस्टरमध्ये स्वयंपाकघरातून कारखान्यात गेलेली गोष्ट मुंबईत कारखान्यातून पुन्हा स्वयंपाकघरात आली होती. त्यातूनच १९१३ चा राजा हरिश्चंद्र.

१९०७ मध्ये मारियाबाई गेल्या. ईस्टमन तेव्हा ५२ वर्षांचा होता, अविवाहित. ईस्ट अॅव्हेन्यूवर त्याने बांधलेल्या प्रचंड घरात आता तो, नोकरचाकर आणि एक मोठा ऑर्गन उरला. स्वतःला सूर कळत नसल्याची कबुली देणारा हा माणूस रोज सकाळी न्याहारीच्या वेळी ऑर्गनवादन ऐकत असे. घरातील मधल्या दालनाची लांबी-रुंदी जुळत नाही म्हणून त्याने १९१९ मध्ये घर मधोमध कापून मागचा भाग ९ फूट ४ इंच सरकवला. प्लेटवरचा थर असमान दिसला की बेचैन होणारा कारकून तसाच शिल्लक होता.

पैसा वाटतानाही त्याची ही शिस्त दिसते. १९१२ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीला त्याने २५ लाख डॉलर दिले ते नाव न सांगता. संस्थेत हा दाता स्मिथ या नावाने ओळखला जाई आणि खरे नाव उघड झाले १९२० मध्ये. त्याच १९१२ मध्ये त्याने कामगारांना नफ्यातला वाटा द्यायला सुरुवात केली. १९१९ मध्ये स्वतःच्या भागभांडवलाचा मोठा हिस्सा त्यांना दिला. रॉचेस्टरला संगीत विद्यालय, नाट्यगृह, मुलांसाठी दंतचिकित्सालय. तशीच दंतचिकित्सालये लंडन, पॅरिस, रोम, ब्रसेल्स आणि स्टॉकहोम येथे. टस्कीगी आणि हॅम्प्टन या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थांना त्याने दिलेल्या देणग्या त्या काळच्या अमेरिकेत विशेष म्हणाव्या लागतील. दाताने दुखणारे मूल आणि फोटो न येणारा ग्राहक, दोघांचीही तक्रार दूर करण्याची त्याची रीत एकच होती. दोष शोधायचा, यंत्रणा उभारायची आणि ती सगळीकडे सारखी चालवायची. वर्षाचे तेरा सारखे महिने करावेत या चळवळीलाही त्याने हिरिरीने पाठिंबा दिला. ते कॅलेंडर कोडॅक कंपनीत १९२८ पासून १९८९ पर्यंत अंतर्गत हिशेबासाठी वापरले जात होते.

आपली हौस त्याने सोडली नव्हती. प्रवासात कॅमेरा बरोबर असे. १९२६ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी तो मार्टिन आणि ओसा जॉन्सन या दांपत्यासोबत आफ्रिकेच्या सफारीवर गेला. तिथे एक गेंडा चाल करून आला तेव्हा ईस्टमन हातातल्या सिने-कॅमेऱ्याने त्याचे चित्रण करीत जागच्या जागी उभा राहिला. सोबतच्या शिकाऱ्याच्या गोळीने गेंडा अवघ्या काही पावलांवर कोसळला. कॅमेरा त्याने खाली घेतला नव्हता. जुलै १९२८ मध्ये रंगीत सिनेफिल्म जगापुढे आणताना त्याने घरी मेजवानी दिली, तिला एडिसनही हजर होता.

१९३० नंतर मणक्याच्या विकाराने त्याला गाठले. चालताना पाय फरफटू लागले, उभे राहणे कष्टाचे झाले आणि वेदना थांबेनात. आजचे उपचार तेव्हा नव्हते. १४ मार्च १९३२ रोजी मृत्युपत्राच्या दुरुस्तीवर साक्षीदारांच्या सह्या घेऊन झाल्यावर त्याने आपले आयुष्य स्वतःच संपवले. वय ७७. मित्रांसाठी दोन-तीन ओळींची एक चिठ्ठी होती, काम पूर्ण झाल्याचे सांगणारी. ही चिठ्ठी पुढे फार आटोपशीर, फार धीराची म्हणून वाखाणली गेली. पण आटोपशीर असणे हा त्याच्या लिहिण्याचा स्वभावच होता. त्या ओळींआड दोन वर्षांचे दुखणे आणि मोठ्या घरातले एकटेपण होते, ते वाखाणणाऱ्यांच्या लक्षात आले नाही.

त्याच्या कंपनीच्याच प्रयोगशाळेत १९७५ मध्ये स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने फिल्मशिवाय फोटो घेणारा पहिला डिजिटल कॅमेरा जोडला. फोटो कॅसेटच्या फितीवर नोंदला जायला २३ सेकंद लागत. फिल्मच्या धंद्यात गुंतलेल्या कंपनीने त्याकडे पुरेशा गांभीर्याने पाहिले नाही आणि जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढच्या वर्षी ती त्यातून बाहेर आली, पण बरीच आक्रसून. काच टाकून देऊ न शकणाऱ्या व्यावसायिकांना ईस्टमनने ज्या जागी मागे टाकले होते, त्याच जागी त्याचे वारस फिल्म धरून बसले होते.

ईस्ट अॅव्हेन्यूवरचे घर त्याने विद्यापीठाला दिले होते. कुलगुरूंना निवासासाठी ते फारच मोठे पडू लागले आणि १९४९ मध्ये तिथे छायाचित्रणाचे संग्रहालय सुरू झाले. जगभरातल्या माणसांच्या हाती कॅमेरा देणाऱ्या ईस्टमनला स्वतःचा फोटो काढून घेण्याची आवड नव्हती. स्वतःच्या गावातही अनेकांनी त्याला रस्त्यात ओळखले नसते. संग्रहालयात त्याची छायाचित्रे आहेत, त्यांतले एक १८९० मधले, गॅलिया बोटीच्या डेकवर फ्रेड चर्च या सहप्रवाशाने कोडॅकनेच घेतलेले. फोटो गोल आहे. डोक्यावर हॅट घातलेला ईस्टमन डेकवर उभा आहे आणि त्याच्या दोन्ही हातांत कोडॅकची पेटी आहे.